इंदूरची मिरवणूक आणि नगररचनाशास्त्राची पंगत

नगररचनेच्या अभ्यासाला अलीकडे ‘आंतरविद्याशाखीय’ आणि ‘शाश्वत’ अशी दोन विशेषणे जोडली जातात. वास्तुशास्त्र, भूगोल, पर्यावरण, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, आरोग्यशास्त्र या साऱ्यांनी एकत्र बसून शहराचा विचार करावा, आणि पुढच्या पिढ्यांची हवा, पाणी, जमीन शाबूत राहील असा करावा, हा या विशेषणांचा अर्थ. या अर्थाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते एकत्र बसलेल्यांच्या पंगतीशी. या पंगतीत कोण बसले आहे, कोण वाढते आहे आणि उष्टी पाने कोण उचलते आहे, हे तपासल्याखेरीज या शास्त्राचे कौतुक करता येणार नाही. तपासणी करायचीच तर ती या विचाराच्या एखाद्या किरकोळ अनुयायापासून न करता मूळ पुरुषापासूनच करावी. तो मूळ पुरुष म्हणजे पॅट्रिक गेडिस, आणि सुदैवाने त्याची कर्मभूमी आपलीच आहे.

गेडिस (१८५४–१९३२) मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. झाडाकडे जसे मातीसकट पाहावे तसे शहराकडे परिसरासकट पाहावे, ही त्यांची दृष्टी. १९१४ साली आपले नगरप्रदर्शन घेऊन ते हिंदुस्थानात आले आणि पुढे अनेक शहरांची पायी हिंडून पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४७ साली जॅकलीन टिरव्हिट यांनी या अहवालांतील निवडक भागांचे पुस्तक काढले. नगररचनेचे विद्यार्थी गेडिस वाचतात ते बहुधा या पुस्तकातून.

त्यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि ‘सुधारणा’ म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे, वाटेत येतील ती घरे पाडणे, अशी समजूत रूढ झाली. गेडिस यांनी तिला विरोध केला. आधी पाहणी, मग निदान, मग उपचार. आणि उपचार असा की चार पडकी घरे हलवून मोकळी जागा करावी, बाकीची वस्ती जगू द्यावी. घरे पाडल्याने गर्दी नाहीशी होत नाही, ती शेजारच्या गल्लीत जाऊन अधिक दाटते, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितले. आज झोपडपट्टीवर चालणाऱ्या बुलडोझरलाही ही टीका लागू पडते.

पण त्यांच्या विचाराचा पाया पाहू या. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्यापासून घेतलेली ‘स्थळ, काम, लोक’ ही त्रयी हा तो पाया. स्थळामुळे काम ठरते, कामामुळे लोकांचा स्वभाव घडतो, आणि लोक पुन्हा स्थळाला आकार देतात. हे दाखवण्यासाठी त्यांनी डोंगरापासून समुद्रापर्यंतचा एक छेद काढला. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मग शिकारी, मेंढपाळ, खाली शेतकरी, तळाशी कोळी. निसर्गाच्या उतारावर माणसांचे व्यवसाय कसे ओळीने बसले आहेत पाहा, असे हे चित्र सांगते. भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एका रेषेत आणणारे हे चित्र आजही आंतरविद्याशाखीय नियोजनाचे आद्य चित्र म्हणून वर्गात दाखवले जाते.

आता याच पद्धतीने आमच्या गावाचा छेद काढा. नदीच्या वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा, त्याखाली इतरांचा, सर्वांत खाली महारांचा, मांगांचा. वस्ती वेशीबाहेर, वारा गावावरून तिकडे जाईल पण तिकडून गावावर येणार नाही अशा अंगाला. मेलेले ढोर ओढून नेण्याची जागा त्याच्याही पलीकडे. इथेही उतार आहे, इथेही व्यवसाय ओळीने बसले आहेत. फरक इतकाच की हा उतार नदीने आखला नाही, मनूच्या वारसांनी आखला. स्थळ जन्माने, काम जन्माने, लोक जन्माने. गेडिस यांच्या त्रयीतील तिन्ही पदे इथे एकाच खुंट्याला बांधलेली आहेत आणि त्या खुंट्याचे नाव जात. नियोजन ही पाश्चात्त्यांनी आपल्याला दिलेली देणगी आहे असे आपले अभ्यासक म्हणतात, तेव्हा हसू येते. या देशात गावोगाव अमलात आलेले, शतकानुशतके टिकलेले नियोजन होतेच. ‘शाश्वत’ हा शब्द त्याला जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कशालाही पडत नसेल.

गेडिस यांना हे दिसले नाही काय? दिसले, पण कसे दिसले ते इंदूरच्या प्रकरणावरून कळते. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. या कामाच्या वेळी शहराला प्लेगची धास्ती होती. तेव्हा १९१७ च्या दिवाळीत त्यांनी महाराजांच्या परवानगीने एक आगळी मिरवणूक काढली. तिचे वर्णन त्यांनी स्वतः केले आणि चरित्रकारांनी ते आवडीने पुढे नेले. मिरवणुकीचा मार्ग जातधर्माच्या नेहमीच्या वाटेने जाणार नव्हता. ज्या रस्त्यांवर लोकांनी घरे अधिक झाडली, अधिक दुरुस्त केली, त्या रस्त्यांवरून ती जाणार होती. हत्ती, घोडे, सुगीचे देखावे. मग प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर आणि पडक्या घरांचे देखावे. आणि त्यांच्यामागून शहरातील सफाई करणारे. ज्यांना मेहतर, भंगी म्हणून लोक हाक मारीत ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोईवर नवे फेटे, गाड्या नव्याने रंगवलेल्या, बैलांची शिंगे रंगवलेली. त्यांच्यामागून लक्ष्मी आणि उद्याच्या शहराची चित्रे. शेवटी त्या उंदराचे दहन.

हा प्रसंग सामान्य नव्हे. ज्यांची सावली टाळली जात होती त्यांना शहराच्या मुख्य रस्त्यावर सन्मानाने चालवणे, आणि तेही एका हिंदू संस्थानात, याला धैर्य लागते. आजचे कितीतरी नगररचनाकार सफाई कामगाराला आपल्या अहवालात ‘मनुष्यबळ’ या कोष्टकापलीकडे जागा देत नाहीत. त्यांच्या तुलनेत हा म्हातारा साहेब पुष्कळ मोठा.

तरीही विचारले पाहिजे: या मिरवणुकीत सफाई करणाऱ्यांच्या डोईवरचा फेटा बदलला, डोईवरची पाटी बदलली काय? गेडिस यांनी त्यांच्या कामाला प्रतिष्ठा दिली. पण त्या माणसांना ते काम नको असेल तर? हा प्रश्न मिरवणुकीच्या आखणीत नाही. कारण ‘स्थळ, काम, लोक’ या त्रयीत माणूस कामाशी नैसर्गिकपणे जोडलेला आहे असे गृहीत धरलेले आहे. कोळ्याला समुद्रापासून तोडू नये, मेंढपाळाला कुरणापासून तोडू नये, तसे सफाई करणाऱ्याला झाडूपासून तोडू नये, फक्त झाडूला फुले बांधावीत, असा त्याचा निष्कर्ष निघतो. पुढे गांधीजींनी भंगीकामाची जी थोरवी गायली तिचे बीज याच जातीचे आहे. घाण उपसणे ही थोर सेवा आहे असे सांगून माणसांना त्या कामात ठेवण्याच्या या युक्तीवर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर प्रहार केला.

एक योगायोग इथे नोंदवतो. १९१७ सालीच, या मिरवणुकीच्या काही महिने आधी, ‘इंडियन अँटिक्वरी’ या मासिकात कोलंबिया विद्यापीठातील एका तरुण विद्यार्थ्याचा निबंध छापून आला होता. विषय: हिंदुस्थानातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. लेखक भीमराव आंबेडकर. जात ही वर्गाने स्वतःला कोंडून घेण्याची क्रिया आहे आणि विवाहबंधन हे त्या कोंडणीचे कुलूप आहे, असे त्यात दाखवले होते. पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी सांगितले की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. गेडिस यांच्या त्रयीतील ‘काम’ या पदाला याहून मोठे उत्तर कोणते? मुंबईत तर दोघे काही काळ एकाच शहरात होते. गेडिस ज्या सुधार ट्रस्टच्या पद्धतीवर टीका करीत होते, त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब राहत होते. नगररचनेच्या इतिहासात ट्रस्टच्या चाळीचे नकाशे सापडतील. त्या चाळीत बसून समाजाच्या नकाशाचा विचार करणारा माणूस मात्र त्या इतिहासात सापडत नाही.

तळ्यांचीच गोष्ट घ्या. मलेरियाच्या भीतीने शहरातील जुनी तळी बुजवण्याचा सपाटा आरोग्य खात्याने लावला होता. गेडिस यांनी तळ्यांची बाजू घेतली. ती साफ ठेवा, त्यांत मासे सोडा, ती शहराची शोभा आणि गारवा आहेत, असे म्हटले. पर्यावरणवादी आज त्यांना डोक्यावर घेतात ते यासाठी, आणि ते रास्त आहे. पण तळे राखले म्हणजे कोणासाठी राखले? १९२३ साली, गेडिस मुंबईत शिकवत असतानाच, मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. तो कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना चालत जावे लागले. पाण्याची प्रत, पाण्याची पातळी, पाण्यातील जीवसृष्टी यांचे मोजमाप करणाऱ्या शास्त्रांच्या यादीत पाण्याच्या हक्काचे शास्त्र नव्हते. ते महाडला तयार झाले. आमच्या मते चवदार तळ्याचा सत्याग्रह हा या देशातील नगररचनेच्या विचाराचा मूलभूत दस्तऐवज आहे. पण नगररचनेच्या कोणत्या अभ्यासक्रमात तो असा शिकवला जातो?

खताचेही तेच. मोठ्या खर्चाच्या गटारांपेक्षा मैल्याचे खत करून बागा फुलवाव्यात याकडे गेडिस यांचा कल होता. पुढे त्याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खत करण्याची जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, आणि नंतर शहरातील मैल्यासाठीही वापरली गेली. निसर्गाचे चक्र पूर्ण करणारी सुंदर कल्पना. या चक्राच्या आकृतीत बाण असतात: घरातून खड्ड्याकडे, खड्ड्यातून शेताकडे. प्रत्येक बाणाच्या ठिकाणी पाटी वाहणारी एक बाई असते, तिला आकृतीत जागा नसते.

गेडिस गेल्यावर विद्यापीठात काय झाले? त्यांनीच शिष्यवृत्तीसाठी निवडलेले गो. स. घुर्ये १९२४ साली विभागाचे प्रमुख झाले. १९३२ साली त्यांचा जात आणि वंशावरील ग्रंथ आला. जात समाजशास्त्राकडे गेली, शहर इंजिनिअरांकडे गेले. एका खोलीत जातीचा अभ्यास शहराविना, दुसऱ्या खोलीत शहराचा अभ्यास जातीविना! आता मधली भिंत पाडून आंतरविद्याशाखीय म्हणवून घेताना भिंत कोणत्या जागी होती हेच लोक विसरले आहेत. शहरात जात उरलेली नाही असा समज इतका पक्का होता की तिचे मोजमाप कोणी फारसे केलेच नाही. २०१२ साली त्रिना विथायथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेतील वॉर्डांची आकडेवारी घेऊन देशातील सात मोठ्या महानगरांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की या शहरांत माणसे आर्थिक दर्जापेक्षा जातीने अधिक वेगळी राहतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलली हे चांगलेच. पण महारवाड्याचे समतानगर झाले तरी ते वेशीच्या त्याच बाजूला आहे.

आणि इंदूर? स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ या प्रत्येक वर्षी त्या शहराने पहिला क्रमांक मिळवला, शेवटच्या वेळी सुरतेबरोबर. गेडिस यांचे स्वप्न शंभर वर्षांनी फळाला आले असे म्हणता येईल. पण देशातील गटारांत उतरून गुदमरून मरणारी माणसे कोणत्या समाजाची आहेत हे सांगायला संशोधनाची गरज नाही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. मृत्यूची किंमत वाढली, ही प्रगती म्हणायची.

मुंबईचे एकच उदाहरण सांगून थांबतो. पालिकेच्या सफाई कामगाराला मिळणारी खोली ही सेवानिवासाची खोली. नोकरी संपली की खोली सोडायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्याच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. या हक्काची टिंगल कोणी करू नये. ज्यांना दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते त्यांनी तो झगडून मिळवला आहे आणि त्यावर हजारो घरे उभी आहेत. पण त्याचा अर्थ असाही होतो की बाप निवृत्त झाला की घरातल्या कोणाला तरी, मग तो पदवीधर का असेना, छप्पर राखण्यासाठी झाडू उचलावा लागतो. स्थळ कामाला बांधलेले, काम रक्ताला बांधलेले. गेडिस यांची त्रयी इतक्या शुद्ध रूपात त्यांना स्वतःलाही कुठे सापडली नसती. नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी या इमारतींची पाहणी करावी. कोणत्या खोलीत कितवी पिढी राहते, कोणाचे शिक्षण कुठे थांबले, घर आणि नोकरी यांची गाठ सोडवायला किती घरे आणि किती पैसा लागेल, याचा हिशेब मांडावा. विकास आराखड्याच्या नकाशात आजमितीस या इमारती फक्त पिवळ्या रंगाच्या आहेत, म्हणजे ‘निवासी’.