स्तनकर्करोगविषयक प्रबोधनाची भाषा

स्तनाच्या कर्करोगाविषयी मराठीत जे प्रबोधनपर लेखन होते, त्याचे संबोधन बहुधा ‘माता-भगिनींनो’ असे असते. बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असल्यामुळे ते अस्वाभाविक नाही. परंतु पुढील मजकूर कोणासाठी आहे, हे संबोधनच ठरविते. जन्मतः मुलगी म्हणून नोंदला गेलेला व पुरुष म्हणून जगणारा वाचक या पहिल्याच शब्दापाशी पत्रक खाली ठेवतो. शेजारी ‘तृतीयपंथी’ हा शब्द जोडल्याने त्याची सोय होत नाही. कारण त्या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रायः हिजडा समाज उभा राहतो. ‘पारलिंगी’ हा नवा शब्द अधिक व्यापक खरा, पण तो अद्याप बोलीत रुळलेला नाही.

या उणिवेचे खापर मराठीच्या व्याकरणावर फोडणे मात्र न्याय्य नव्हे. ‘तू गोळ्या घेतोस’ की ‘घेतेस’, येथे क्रियापद लिंग मागते. ‘तुम्ही गोळ्या घेता का?’ येथे मागत नाही. ‘तुम्ही तपासणी केली आहे का?’ या कर्मणी रचनेत क्रियापद तपासणीच्या लिंगाने चालते आणि ‘तुम्हांला काखेत गाठ लागते का?’ यात गाठीच्या. ‘मी घेतो’ की ‘मी घेते’ ही निवड उत्तर देणाऱ्याला करावीच लागते; विचारणाऱ्याने ती आधीच उरकून टाकण्याचे कारण नाही.

‘स्तन’ या शब्दाऐवजी सर्वत्र ‘छाती’ योजावी, ही सूचना सद्हेतूची असली तरी सदोष आहे. ‘छातीत दुखते’ म्हटले की मराठी माणूस हृदयविकार समजतो. ‘छातीवर किंवा काखेत गाठ’ असे स्थळ सांगणे त्याहून बरे.

खरी गफलत ‘पट’ या शब्दाने होते. नेदरलँड्समधील एक मोठी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील 2,260 पारस्त्रियांपैकी 15 जणींना आक्रमक स्तनकर्करोग झालेला आढळला. हे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे 47 पट, पण सर्वसाधारण स्त्रियांच्या सुमारे तीनदशांश होते. पहिला आकडा एकटा छापला तर इस्ट्रोजेन घेणारी व्यक्ती भयभीत होईल. दुसरा एकटा छापला तर ती निर्धास्त होईल. दोन्ही आकडे खरे असूनही दोन्ही वेळा बोध चुकीचाच होईल. त्याच पाहणीतील 1,229 पारपुरुषांपैकी चौघांना हा रोग झाला होता. छातीवरील शस्त्रक्रियेनंतर धोका पुष्कळ घटतो, तथापि काही ऊतक मागे राहू शकते. म्हणून ‘काढून टाकले’ या क्रियापदाला ‘बहुतांश’ हे विशेषण लावणे वैद्यकदृष्ट्याही आवश्यक आहे.

भारतातील 2016 च्या शासकीय मार्गदर्शिकेत 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी सांगितली आहे. तेथे निकष ‘स्त्री’ हे नाम आहे, अवयव नव्हे. परिणामी ज्याची नोंद ‘पुरुष’ अशी आहे पण ज्याची शस्त्रक्रिया झालेली नाही, तो यादीबाहेर पडतो. आणि अशी शस्त्रक्रिया झालेली स्त्री यादीत राहते. ‘तुमच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली आहे का? संप्रेरके किती वर्षे घेतली आहेत?’ या दोन प्रश्नांत वाचकाचे लिंग कोठेही गृहीत धरलेले नाही, आणि वैद्याला जे कळावयास हवे त्याचा मोठा भाग त्यांतून कळतो.