उष्णताप्रिय व लवणप्रिय जीवाणूंची पिष्टविघटक विकरे : खानदेशातील संशोधनाच्या संदर्भात एक परीक्षण

प्रस्तावना

माल्टच्या अर्कातील पिष्टविघटक विकर पायेन व पेर्सो यांनी १८३३ मध्ये प्रथम वेगळे केले. आज अमायलेज हे उद्योगातील एक प्रमुख विकर आहे. मका व ज्वारी ही खानदेशातील पिष्टमय पिके असून धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च तयार होतो. पारोळ्याच्या उत्तरेस तापीपलीकडे उनपदेवचा उष्ण झरा आहे, तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे क्षारयुक्त सरोवर आहे. त्यामुळे येथील महाविद्यालयीन प्रयोगशाळांना हा विषय जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, अशा संशोधनातील काही गृहीतके तपासून घेणे आवश्यक ठरते.

विवेचन

पहिला प्रश्न संज्ञांचा आहे. उष्णता किंवा मीठ सहन करणे वेगळे आणि वाढीसाठी त्यांची गरज असणे वेगळे. उनपदेव येथे उष्णता आहे. लोणार येथे क्षार आहेत, परंतु ते पाणी उष्ण नाही. केवळ नमुन्याच्या स्थळावरून जीवाणूला दोन्ही विशेषणे लावणे शास्त्रीय ठरत नाही.

दुसरे असे की, जीवाणूचा स्वभाव म्हणजे विकराचा स्वभाव नव्हे. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हा जीवाणू मध्यम तापमानात वाढतो. तरीही त्याचे अल्फा-अमायलेज ९० अंश सेल्सिअसच्या वरही कार्य करते. आयोडीनच्या चाचणीत वसाहतीभोवती दिसणारे रंगहीन वलय विकराचे अस्तित्व दाखविते, टिकाऊपणा नव्हे. दहा मिनिटांच्या चाचणीत आढळलेले 'इष्टतम तापमान' हेही स्थैर्याचे प्रमाण होत नाही. स्टार्चच्या द्रवीकरणात पिष्टाचे मिश्रण सुमारे १०५ अंशांवर काही मिनिटे आणि नंतर ९५ अंशांच्या आसपास एक ते दोन तास ठेवले जाते. विकराची खरी कसोटी तेथे लागते.

तिसरा मुद्दा उपयोजनाचा आहे. लवणप्रिय विकरांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्ले अधिक असतात. मीठ कमी होताच अशा अनेक विकरांची रचना ढासळते. स्टार्च उद्योगात हा गुण अडचणीचा ठरतो, कारण विकरासाठी घातलेले मीठ पुढे पाकातून काढावे लागेल. पिष्टयुक्त खाऱ्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणात मात्र तोच गुण उपयुक्त ठरू शकतो. म्हणून 'उद्योगास उपयुक्त' हा सरसकट निष्कर्ष अपुरा आहे. कोणत्या उद्योगास, हे सांगितले पाहिजे.

निष्कर्ष

या उणिवा दूर करण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. जलतापक व वर्णमापक यांच्या साहाय्याने ९५ अंशांवर ठरावीक अंतराने क्रियाशीलता मोजता येते. मीठ व कॅल्शियम यांसह आणि त्यांवाचून मोजमाप घेणे, बाजारातील प्रचलित विकराशी तुलना करणे आणि स्थानिक मका-ज्वारीचे पिष्ट वापरणे ही पथ्ये पाळता येतील. जीवाणूचे वाण पुण्यातील राष्ट्रीय संग्रहात जमा केल्यास इतरांना ते निष्कर्ष पडताळता येतील. नव्या वाणांची यादी वाढविण्यापेक्षा हाती असलेल्या एका वाणाची अशी संपूर्ण परीक्षा अधिक मोलाची ठरेल.