नवारिनोच्या धुरातले सागवान

इव्हान ऐवाझोव्स्की या रशियन सागरचित्रकाराने 1846 मध्ये रंगवलेले 'नवारिनोची लढाई' हे चित्र दोस्त आरमारांच्या विजयाचे म्हणून ओळखले जाते. मला त्यात दोस्ती फारशी दिसत नाही. 20 ऑक्टोबर 1827 रोजी ग्रीसच्या नवारिनो उपसागरात इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांनी मिळून तुर्की-इजिप्ती आरमार बुडवले, तेव्हा हा चित्रकार दहा वर्षांचा होता. पुढे तो रशियन आरमाराचा नेमणुकीचा चित्रकार झाला. साहजिकच कॅनव्हासवर मान आहे तो 'अझोव' या रशियन जहाजाला. बाकी धूर, मोडलेल्या डोलकाठ्या, पाण्यात तुकड्यांना धरून तरंगणारी माणसे. ही माणसेच मला चित्रातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतात.

या लढाईत इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टनचे निशाण होते 'एशिया' या 84 तोफांच्या जहाजावर. ते मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधले आणि 1824 मध्ये पाण्यात उतरवले. सागवानी जहाज. सागरचित्रात जहाज ओळखायचे ते निशाणावरून. लाकूड कुठले, रंधा कुणी मारला, हे विचारायची सोयच नसते. आपल्याकडचे लेखकही वाडियांचे नाव अभिमानाने घेतात आणि तोफांची तोंडे कुणाकडे होती हा प्रश्न टाळतात.

गंमत म्हणजे या लढाईपूर्वी युद्ध पुकारलेलेच नव्हते. लंडनमध्ये विजयाचे कौतुक ओसरले आणि 1828 च्या राजाच्या भाषणात तिचा उल्लेख 'अनिष्ट घटना' अशा अर्थाने झाला. कॉड्रिंग्टनला परत बोलावले. 'अझोव'वरचा तरुण अधिकारी नाखिमोव्ह याने नोव्हेंबर 1853 मध्ये सिनोपला पुन्हा तुर्की आरमार जाळले. ऐवाझोव्स्कीने तेही रंगवले. या वेळी मात्र इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने रशियावर चालून गेले. नाखिमोव्ह सेवास्तोपोलच्या वेढ्यात पडला.

1853 हे साल आम्हा धाराशिवकरांच्याही ओळखीचे असायला हवे. निझाम इंग्रजांचा मित्र. मित्राच्या रक्षणासाठी ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला, तेव्हा वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही त्याच साली इंग्रजांच्या हवाली झाला. एकही तोफ डागावी लागली नाही. कारभार पाहायला मेडोज टेलर नळदुर्गला आला. 1860 मध्ये मुलूख परत मिळाला, तोही सत्तावनच्या बंडात मित्र एकनिष्ठ राहिला म्हणून. 1918 मध्ये मीर उस्मान अली खान यांना 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' असा किताब मिळाला. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे आधीचे नाव त्यांचेच.

बोरीच्या पाण्याकाठी उभ्या या किल्ल्यापासून समुद्र दूर आहे, म्हणून असे चित्र आपल्या कामाचे नाही असे मानायची सवय आहे. पण सत्तेच्या चित्रात मित्र कुठे उभा केला आहे, आणि कुणाला धुरात सोडले आहे, हे पाहायला समुद्र लागत नाही. 'एशिया' 1908 मध्ये विकले गेले.