साहसाचे माप : भा. रा. भागवतांची 'फास्टर फेणे' मालिका

मराठी समीक्षेने बालकुमारसाहित्याची दखल घेतली ती बहुधा संस्कार आणि रंजन या दोन शब्दांच्या आधारे. संस्कार करणारे ते श्रेष्ठ आणि केवळ रंजन करणारे ते हलके, अशी एक अव्यक्त प्रतवारी तिच्यामागे असते. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या 'फास्टर फेणे' मालिकेवर या प्रतवारीने अन्यायच केला. वीस पुस्तकांची ही मालिका मराठी कुमारांच्या अनेक पिढ्यांनी वाचली. परंतु तिच्या लोकप्रियतेची नोंद केली की तिच्याविषयीचे कर्तव्य संपले, असे मानले गेले. या कथांतील विनोद साहसावर वरून शिंपडलेला नाही. साहसाला मुलाच्या मापात ठेवण्याचे काम तो करतो. एवढे लक्षात घेतले, की मालिकेचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही उलगडू लागतात.

भागवतांच्या पुढे दोन वाटा होत्या. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ने घर, शाळा आणि शेजार या परिघातील मुलाला मराठी साहित्यात हक्काचे स्थान मिळवून दिले होते. गोट्याचे जग प्रेमळ आहे, पण ते उंबरठ्याच्या आसपासचे आहे. दुसरी वाट अनुवादित साहसकथांची. तेथे समुद्र, चंद्र आणि अज्ञात बेटे होती. मात्र त्यांतून फिरणारे वीर परमुलुखातले आणि प्रौढ होते. भागवतांना ही दुसरी वाट आतून ठाऊक होती. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी स्वतः मराठीत आणल्या होत्या. 'बालमित्र' मासिकाच्या संपादनामुळे मुलांच्या वाचनाची नाडीही त्यांना सापडली होती. गोट्याच्या घरातला मुलगा व्हर्नच्या जगात पाठवला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे फास्टर फेणे.

या उत्तराची सुरुवात नावापासूनच होते. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे पुण्याला शिकायला येतो आणि 'फास्टर' होतो. 'फुरसुंगी' या नावात मराठी कानाला फुरसत ऐकू येते, आणि अशा गावातून वेगाचा हा पुतळा निघतो. 'फ'काराच्या अनुप्रासात दडलेली ही विसंगती पहिल्याच पावलाला हसू उमटवते. 'फास्टर' हे इंग्रजीतील तुलनादर्शक रूपही सूचक आहे. हा नायक सर्वांत वेगवान नाही. समोर जो कोणी असेल त्याच्यापेक्षा तो थोडा अधिक वेगवान आहे. त्यामुळे प्रत्येक कथेत त्याला आपले नाव नव्याने सार्थ करावे लागते. अजिंक्य वीराच्या कथेत उत्कंठा टिकत नाही. या मुलाच्या कथेत ती टिकते, कारण त्याला आघाडी मिळते ती केवळ चार पावलांची.

देहाच्या बाबतीतही भागवतांनी हेच माप सांभाळले आहे. फेणे काटकुळा आहे. बळाच्या जागी त्याच्याकडे चपळाई, सायकल आणि नको तिथे नाक खुपसण्याची सवय आहे. त्याच्या तोंडचे प्रसिद्ध 'ट्टॉक' हे तर मराठी कुमारसाहित्यातले एक अपूर्व योजन. टाळूला जीभ लावून काढलेला हा आवाज शब्द नव्हे. त्यामुळे प्रसंगानुसार त्यात आश्चर्य, अवखळपणा किंवा नुकतीच सुचलेली युक्ती मावते. मोठ्या माणसांच्या जगात मोठ्यांची भाषा न बोलण्याचा हक्क बजावणारी ती एक छोटी बंडखोरी आहे. वाचणाऱ्या मुलाला तो आवाज लगेच काढून पाहता येतो, आणि पुस्तक त्याच्या तोंडात शिरते.

या लहान देहासमोर भागवतांनी उभा केलेला भूगोल मात्र विशाल आहे. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'चंबळखोऱ्यात फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे' ही शीर्षके ओळीने वाचली तरी स्वातंत्र्योत्तर भारताचा एक नकाशा तयार होतो. वर्तमानपत्रातून मध्यमवर्गीय मराठी घरात पोहोचणारा देश येथे मुलाच्या पायाखाली येतो. पाठ्यपुस्तकातील राष्ट्रीय एकात्मता उपदेशाची असते, फेणेची धावपळीची आहे.

बंगालीतील समांतर मालिकांशी तुलना केली, की भागवतांचे वेगळेपण ठसठशीत होते. नारायण गंगोपाध्याय यांच्या टेनिदा-कथांत विनोद उपजतो तो बोलणे आणि करणे यांतील अंतरातून. टेनिदाच्या फुशारक्या त्याच्या धैर्याच्या कितीतरी पुढे धावतात. सत्यजित राय यांचा फेलुदा प्रौढ आणि व्यवसायाने गुप्तहेर आहे. तेथे कुमारवयीन तोपशे कथा सांगतो, तर हलकेफुलके हास्य प्रामुख्याने जटायू या लेखकाच्या पात्राकडे सोपवलेले आहे. भागवतांनी अशी वाटणी केली नाही. धाडस करणारा आणि फजितीच्या काठावरून चालणारा मुलगा एकच आहे. एका पात्रात दोन्ही तोलून धरणे अवघड असते. मालिकेच्या उत्तम भागांत ते साधले आहे.

हा तोल ढळतो तेथे मालिकेची मर्यादा दिसते. 'बालबहाद्दर', 'जवानमर्द', 'रणरंग' या शीर्षकांतील शब्द मोठ्यांच्या शब्दकोशातले आहेत. मुलाच्या अंगावर पराक्रमाचा हा तयार पोशाख चढवला, की तो काटकुळा देह त्यात हरवतो आणि 'ट्टॉक'चा खट्याळपणा जयघोषात बुडून जाण्याचा धोका निर्माण होतो. खलपात्रेही बहुधा ठोकळेबाज आहेत, आणि या साहसांत मुलींचा वाटा आजच्या वाचकाला खुपण्याइतका अल्प आहे. वीस पुस्तकांच्या पल्ल्यात योगायोगांची पुनरावृत्तीही जाणवते. काळाचा दाखला देऊन या उणिवा समजून घेता येतात; पुसता येत नाहीत.

मालिकेच्या तळाशी एक विश्वासही आहे. मुलाने आणलेली बातमी मोठ्यांचे जग आधी हसण्यावारी नेईल, पण शेवटी ऐकेल, हा तो विश्वास. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटाने नेमका तोच पणाला लावला. तेथे फेणे वयाने वाढलेला आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आला आहे, आणि गुन्हा त्या परीक्षाव्यवस्थेच्या पोटातच दडलेला आहे. भागवतांचा फेणे संकटाकडे धावत जाई. या नव्या फेणेच्या वाट्याला संकट त्याच्या भवितव्याच्या दारातच उभे राहते.

म्हणूनच मूळ पुस्तके केवळ स्मरणरंजनाच्या खात्यात जमा करून चालणार नाही. मूल लहान राहूनही जगात दखलपात्र असते, ही त्यांची भूमिका उपदेशातून मांडता आली नसती. ती मांडायला एक सायकल आणि टाळूवर आपटणारी जीभ लागली. संस्काराचे मोजमाप करू पाहणाऱ्या समीक्षेने प्रथम या हसण्याचे मोल करावे.