किनारपक्ष्यांची ओळख आणि व्यावर्तक लक्षण

किनाऱ्यावरील पाणपक्ष्यांसंबंधीचे लेखन मराठीत होऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यातील वर्णनपद्धती तपासली असता एक मूलभूत उणीव पुष्कळदा आढळते. वर्णन आणि व्यावर्तन यांतील भेद तेथे पाळला जात नाही. चोच, पाय, पाठ, पोट अशी अंगोपांगांची क्रमवार नोंद केली, की पक्षी ओळखता येईल, असे गृहीत धरलेले दिसते.

नावांचेच उदाहरण घ्यावे. ‘लाल पायांचा टिलवा’ हे ‘रेडशँक’चे सरळ भाषांतर होय. पण ठिपकेदार टिलव्याचेही पाय लालच असतात. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर हे लक्षण अतिव्याप्त आहे. या दोहोंतील निर्णायक खूण म्हणजे उडताना पंखाच्या मागील कडेवर दिसणारा रुंद पांढरा पट्टा. तो पहिल्यास असतो, दुसऱ्यास नसतो. मात्र तुलना हिरव्या पायांच्या टिलव्याशी असेल, तर पायांचा तोच रंग तत्काळ भेदक ठरतो. तात्पर्य, खूण ही एका पक्ष्याच्या अंगी नसून दोन पक्ष्यांच्या संबंधात असते.

ध्वनिविचाराच्या अभ्यासकास हे तत्त्व अपरिचित नाही. रॉजर टोरी पीटरसन यांनी 1934 च्या पक्षिपुस्तकातील चित्रांत नेमक्या भेदक जागांकडे रेषांनी निर्देश केला. त्रुबेत्स्कॉय यांच्या 1939 च्या ग्रंथात वर्णांची व्यवस्था परस्परविरोधावर उभारलेली आहे. विरोधाचा लोप ही त्यांची कल्पनाही येथे उपयोगी पडते. ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांत ल-ळ हा भेद अर्थ बदलतो. शब्दारंभी मात्र ळ येत नसल्यामुळे तो भेद उरतच नाही. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर यांचेही असेच आहे. विणीच्या काळात पहिल्याच्या पोटावर काळा डाग असतो, तर दुसऱ्याचे अंग विटकरी तांबडे होते. हिवाळ्यात दोघेही वरून करडे व खालून पांढरे दिसतात. तेव्हा भेद शेपटीच्या बुडाशी शोधावा लागतो. कर्ल्यू सँडपायपरचा तो भाग पांढरा असतो. डनलिनच्या त्याच भागातून मधोमध गडद रेघ जाते. आपल्या किनाऱ्यावर हे पक्षी मुख्यतः हिवाळ्यातच येत असल्यामुळे, विणीच्या पिसाऱ्यावर भर देणारे वर्णन येथील निरीक्षकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

या साम्यास मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. वर्णांमधील भेद भाषा बोलणाऱ्यांच्या व्यवहारातच नांदतो. पक्ष्यांच्या जाती मात्र निरीक्षक नसला तरी भिन्नच राहतात. म्हणून क्षेत्रखूण हे जातिभेदाचे कारण नव्हे, केवळ गमक होय. एका गमकावर विसंबण्यापेक्षा आवाज, चाल आणि आकार यांचीही साक्ष काढावी.

यापुढील मराठी वर्णनांनी प्रत्येक पक्ष्याची नोंद त्याच्याशी गल्लत होणाऱ्या पक्ष्यापासून सुरू करावी, आणि भेदक खूण कोणत्या ऋतूत, बसलेला असता की उडताना दिसते, हे स्पष्ट लिहावे. पाणथळींवरील पक्षिगणना अशा नोंदींवरच उभी असते. तेथे नाव चुकले, की एका जातीची संख्या फुगते आणि दुसरीचा ऱ्हास झाकला जातो.