पर्यावरणीय उत्तरदायित्व आणि कर्मचाऱ्यांचे वर्तन : रे अँडरसन यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

प्रस्तावना :
कंपनीने पर्यावरणीय उत्तरदायित्व स्वीकारले की कर्मचाऱ्यांचे कामाच्या ठिकाणचे वर्तनही पर्यावरणपूरक होते, असे गृहीतक व्यवस्थापनशास्त्रात वारंवार मांडले जाते. त्याच्या समर्थनार्थ अमेरिकेतील ‘इंटरफेस’ या गालिचा-उत्पादक कंपनीचा दाखला दिला जातो. कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांचा ‘मिड-कोर्स करेक्शन’ (१९९८) हा ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याची येथे चिकित्सा केली आहे.

परिवर्तनाची दिशा :
१९७३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीकडे, पर्यावरणासाठी आपण काय करता, असा प्रश्न ग्राहक विचारू लागले. विक्री विभागातून तो वर पोहोचला. १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कार्यगटापुढे भाषण करण्याची वेळ आली, तेव्हा कायद्याचे पालन करण्यापलीकडे आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, याची अँडरसन यांना जाणीव झाली. पॉल हॉकेन यांच्या ग्रंथाच्या वाचनाने त्यांची दृष्टी पालटली. अर्थात, प्रेरणा वरून खाली झिरपते हे प्रचलित गृहीतक येथे अपुरे ठरते. प्रश्न प्रथम खालून वर गेला होता. अँडरसन हे प्रामाणिकपणे नमूद करतात, ही ग्रंथाची जमेची बाजू होय.

वर्तन की अधिकार? :
१९९५ पासून राबविलेल्या ‘क्वेस्ट’ योजनेत कर्मचाऱ्यांच्या सूचना व सांघिक कार्य यांद्वारे अपव्यय कमी करण्यावर भर होता. १९९७ मध्ये कंपनीच्या शांघाय येथील कारखान्यासाठी पंपांची एकूण शक्ती ९५ अश्वशक्ती योजिली होती. कंपनीच्याच एका अभियंत्याने रुंद व सरळ नळांची रचना सुचवून ती ७ अश्वशक्तीवर आणली. दिवे बंद करण्याच्या सवयीतून एवढी बचत संभवत नाही. ती शक्य झाली, कारण आराखडा बदलण्याचा अधिकार अभियंत्याला मिळाला.

मर्यादा :
तथापि, ग्रंथातील निवेदन सर्वस्वी मालकाचे आहे. कर्मचाऱ्यांचा उत्साह मालकाच्या शब्दांतूनच वाचकापर्यंत पोहोचतो. उत्पादनाचे लक्ष्य आणि पर्यावरणाचे हित यांत संघर्ष उद्भवल्यास यंत्रावरील कामगाराने काय करावे, याचे समाधानकारक विवेचन आढळत नाही.

भारतीय संदर्भ :
कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. पर्यावरणीय शाश्वततेचा समावेश अनुसूची ७ मध्ये आहे. मात्र, व्यवसायाच्या नित्य व्यवहाराचा भाग असलेली कामे यात धरली जात नाहीत. परिणामी, आवाराबाहेरील वृक्षारोपणाची उत्तरदायित्वात गणना होते. कारखान्यातील पाण्याची गळती थांबविणारा कामगार त्या हिशेबात येत नाही. उत्तरदायित्व आणि दैनंदिन काम यांची अशी फारकत झाल्यास वर्तनबदलाची अपेक्षा निराधार ठरते.

निष्कर्ष :
कंपनीच्या घोषणेमुळे कर्मचाऱ्याला दिशा मिळते. परंतु वर्तन टिकते ते निर्णयातील सहभागामुळे. अँडरसन यांच्या ग्रंथाचे मोल यातच आहे की, लेखकाच्या उद्दिष्टापलीकडे जाऊन तो हे सत्य सूचित करतो. हरित परीक्षणाचे अहवाल सिद्ध करणाऱ्या महाविद्यालयांनीही आपल्या शिपाई व प्रयोगशाळा परिचर यांचे म्हणणे त्यात कितपत उमटते, हे तपासणे अगत्याचे आहे.