दार वाजवणारा ओळखीचा असेल तर?

क्रिस्टीन हॅना यांची 'द नाइटिंगेल' (२०१५) मी दोनदा वाचली. पहिल्यांदा इझाबेलसाठी. जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समधून वैमानिकांना पिरेनीज ओलांडून स्पेनला पोचवणारी धाकटी बहीण. तिच्यात रमायला काहीच लागत नाही. दुसऱ्यांदा अडकलो ते थोरलीपाशी.

व्हिआनच्या घरात जर्मन अधिकारी राहायला आलाय. तो तिच्याकडे शाळेतल्या ज्यू आणि कम्युनिस्ट शिक्षकांची नावं मागतो. ती लिहून देते, आणि यादीत राशेलचंही नाव जातं. राशेल म्हणजे शेजारीण, जिवाभावाची मैत्रीण. पुढे राशेलला पकडून नेतात, तेव्हा तिच्या आरीला व्हिआन 'डॅनियल' म्हणून वाढवते, आणखी मुलं कॉन्व्हेंटमध्ये लपवते. आसरा देणारीच्या हातून आधी ती यादी लिहिली गेली, हे मला कादंबरीतलं सगळ्यात खरं वाटतं. पण लेखिकेला तिला शूर करायची घाई आहे. शिवाय नंतर येणारा अधिकारी इतका काळाकुट्ट रंगवलाय, की वाचणारा आपोआप 'आपण लपवणाऱ्यांतलेच' असं समजून निवांत होतो.

हिंगोलीत बसून वाचताना मला तसं निवांत होता येईना. आमच्याकडे दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, रझाकारांच्या आठवणी निघतात. जीव मुठीत धरून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेलेल्यांच्या त्या गोष्टी खऱ्याच आहेत. पण पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर हल्ले झाले, ते त्या भाषणांत मी कधी ऐकलं नाही. १९४८च्या अखेरीस सुंदरलाल समिती संस्थानात फिरली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड. हा अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आलाच नाही. त्यातच एक नोंद आहे: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी काहींनी स्वतःचा जीव गमावला.

ही कादंबरी मराठीत कुणी लिहायला घेतली तर हॅनाचा साचा कामाचा नाही. त्यात परका गणवेश नसेल. रात्री दार वाजेल, आणि 'उघड रे' म्हणणारा आवाज कुणाचा, हे आतल्याला माहीत असेल. काल हुरडा खायला सोबत बसलेला असेल तो.